दाजींचा सोळा इंची घेर

जगातल्या यच्चयावत बंदुकीच्या गेममध्ये माणसानं सारखंच वळलं पाहिजे, या एका तत्त्वासाठी झिजणारा टेलर आख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. म्हणजे माझे दाजी. कळंबला रस्त्याला लागून त्यांचं दुकान. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कानावर खडू आणि गळ्यात कापडी टेप. ही टेप त्यांनी धंदा सुरू केला त्या दिवशी घेतलेली. वापरून वापरून तिचे पहिले तीन आकडे पुसून गेले होते, पण दाजी ती फक्त आंघोळीपुरती गळ्यातून काढत. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या कोऱ्या सफारीवर ती लोंबते आहे.

दोन हजार साल उलटलं आणि मंचरला सायबर कॅफे निघाले. मी बायोडाटा टाइप करायला निघालो होतो, सोबत म्हणून दाजींना नेलं. माझा बायोडाटा राहिला बाजूला, दाजी शेजारच्या कॉम्प्युटरवर बंदूक घेऊन उभे! त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, मोपेडला किक मारायची आणि मंचर गाठायचं, हा नेम झाला. पण आठच दिवसांत त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. "पावणं, ह्या गेममधी हात नुसता हालला का मानूस गरगर फिरतोय, आन् त्या गेममधी बैलगाडी वळवल्यागत वळतोय. ह्याला काय अर्थ हाय का राव? मानूस मी एकच हाय ना?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, होईल सवय. दाजींनी गळ्यातली टेप काढली.

त्यांची पद्धत अशी. गेममध्ये एखाद्या दाराकडे तोंड करून उभं राहायचं. इकडे टेबलावर टेप पसरायची आणि माउस तिच्या एका टोकाला ठेवून सरळ ओढत न्यायचा. गेममधला माणूस पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा त्याच दारासमोर आला की थांबायचं आणि किती इंच झाले ते बघायचं. सोळा भरेपर्यंत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस हलला की माणूस किती वळतो ते, कमीजास्त करत बसायचं. परकराला घेर असतो तसा गेमलाही असतो, असं त्यांचं म्हणणं. सोळा इंच भरले की टेबलावर खडूच्या दोन रेघा मारायच्या. कॅफेवाला वैतागून म्हणाला, "दाजी, हे टेबल हाय का फळा?" तेव्हा दाजींनी त्याच्या सगळ्या कॉम्प्युटरना झालरीची कव्हरं फुकट शिवून दिली आणि रेघा चालू ठेवल्या.

आता सोळा इंच माउस ओढायचा म्हणजे कोपर शेजाऱ्याच्या घरात जाणारच. एकदा शेजारी बारावीचा निकाल बघणाऱ्या पोराला असा धक्का बसला की त्यानं भलताच नंबर दाबला, भलत्याचाच निकाल उघडला आणि नापास बघून भोकाडच पसरलं. दाजी टेपवरची नजर न काढता म्हणाले, "थांब रे, रडू नको. आदी माझा घेर हू दे."

गिऱ्हाइकांच्या मापांची त्यांची एक वही होती. तिच्यात सरपंचांची कंबर आणि शाळेतल्या बाईंची बाही यांच्या मधोमध लिहिलेलं असे: भुतांचा गेम, घेर १६. बर्फातला गेम, घेर १६. ताई वैतागायची. "अहो, समदीकडं सोळाच हाय तर लिवता कशाला?"

"समदीकडं सोळा हाय म्हनून तर लिवतो!"

हसू नका, हे सगळं कामाला आलं. दाजी कुठल्याही गेममध्ये शिरले तरी पाठीमागे कुणाची चाहूल लागल्याबरोबर गर्रकन वळायचे आणि बरोब्बर त्याच्यासमोरच थांबायचे. मंचरमध्ये त्यांना तोड उरली नाही. मग नारायणगावच्या कॉलेजातल्या पोरांनी निरोप धाडला, टेलरला म्हणावं या एकदा. नेमकं त्याच आठवड्यात एका नवरीचं ब्लाउज लग्नाऐवजी सत्यनारायणाला पोचलं होतं आणि ताईच्या रागाला पारावार उरला नव्हता. दाजींनी शब्द दिला. "जिंकलो तर माझी दुपार माझी. हरलो तर माउसला जल्मात हात लावनार न्हाई. तुझी शप्पत."

"माझी कशाला? तुमची घ्या की!" ताई म्हणाली.

पण ताई ती ताईच. सामन्याच्या सकाळी तिनं पदराआडून एक पुडी काढली. आत नवी कोरी पिवळीधमक टेप. "चारचौघांत जाताय. ती मळकी गळ्यात नका घालू." दाजी लाजले, चक्क लाजले! नवी टेप मिरवतच आम्ही नारायणगावला पोचलो. तिथला कॉम्प्युटर परका. दाजींनी टेप पसरली, सोळा इंच मोजले, रेघा मारल्या, हात जोडले आणि बसले.

आणि काय सांगू, पार धुव्वा उडाला. दाजी वळायचे आणि दर वेळी शत्रूला ओलांडून पलीकडच्या भिंतीला गोळी घालायचे. पोरं खिदळत होती. "टेलरनं भिताडाला काजं पाडली!" येताना मोपेडवर दाजी एवढंच बोलले, "हात गेला पावणं माझा."

पंधरा दिवसांनी घाटघरचं एक जुनं गिऱ्हाईक नवी पँट हातात घेऊन आलं. वहीतल्या जुन्या मापानं शिवलेली पँट त्याला कमरेला बसेना. पाठोपाठ सरपंचांचीही बसेना. दाजींनी खणातून जुनी टेप काढली आणि नवीशेजारी ताणून धरली. जुन्या टेपचे सोळा इंच म्हणजे नव्या टेपचे साडेसोळा! इतक्या वर्षांत टेपचं कापड ओढून ओढून सैल झालं होतं. माप जुन्या टेपनं घ्यायचं आणि कापायचं जुन्याच टेपनं, त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. वही जुनी, घेराला सरावलेला हात जुना आणि टेप नवी झाली, तिथं सगळं फसलं होतं.

"म्हंजे हात न्हवता गेला," दाजी हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला भरून आलं.

मी उठलोच. "चला, ताईला सांगू. चूक टेपची होती, शपथ सुटली!"

त्यांनी माझा हात धरला. "खाली बसा. तिनं हौसेनं आनलीय."

जुनी टेप पुन्हा खणात गेली. दाजींनी माउसला परत हात लावला नाही, आणि ताईला आजतागायत यातलं काही ठाऊक नाही. परवा मी पँट शिवायला टाकायला गेलो होतो. दाजींनी वही उघडली, माझी कंबर बत्तीस वाचली आणि पिवळी टेप लावून कापडावर तेहतीसची खूण केली. चहा घेऊन आलेल्या ताईनं सहज विचारलं, "आजून टिकलीय की ओ टेप. चांगली निगाली ना?"

"लई चांगली," दाजी म्हणाले आणि त्यांनी कात्री चालवली.