ढुंढिराजभाऊजींचा कान

“मोडक्या कानाचा ब्राह्मण श्राद्धाच्या पानावर कोण बसवील रे? पितर काय कुस्ती खेळायला येतात?”

हे माझे सासरे, विश्वेश्वरशास्त्री. समोर माझे धाकटे दीर, ढुंढिराज. आणि चुलीपाशी मी, भाकरी करपवत, ऐकत. दिल्लीदरबाराचं साल. गंगेकाठी ब्रह्माघाटावरच्या घरात मी नवी सून, वय बारा.

“अप्पा, घाम गाळला म्हणून वेद बाटतात का?”

“व्यंग आलं की क्षण नाही! दहा वर्षं संहिता घोकलीस, आता ऐकव जा त्या अखाड्याच्या मातीला!”

क्षण म्हणजे पितरांच्या जागी पानावर बसायचं बोलावणं. सोळाव्या वर्षी भाऊजींना ते पहिल्यांदाच आलं होतं, शेजारच्या कालिंदीकाकूंकडून. ते गेलं.

आता खरं सांगते. कान कुस्तीत चुरगळला, पण बातमी फोडली मी. उपरण्याखाली झाकून निभलं असतं. पण हळदीचा लेप माझ्या हातचा ना, मग कौतुक नको? काकू आल्या तशी मीच भाऊजींना पुढे ओढून फडकं सोडलं. “बघा, सूज कशी उतरली!” संध्याकाळी काकूंचा निरोप आला, दुसरा ब्राह्मण सांगितलाय.

तेव्हा मला वाटे, काम नसताना दंड काढतो तो माणूस अर्धवटच. मी एक जिना चढताना दोनदा टेकायची. माझा व्यायाम जिभेचा, तो मात्र रोजचा.

भाऊजींनी कुस्ती सोडली, मुद्गलांची जोडी फिरवणं नाही सोडलं. आणि मुहल्ल्यात कुठेही श्राद्ध असलं की सोवळ्यानं गंगेचं पाणी आणायचं काम स्वतःहून घेतलं. दोन खांद्यांवर दोन घागरी, घाटाच्या पायऱ्या एका दमात. पानावर दुसरे बसत.

एकदा मी धीर करून म्हटलं, “भाऊजी, माझ्यामुळे तुमचं…”

“बरंच झालं, वहिनी. बसून जेवलो असतो तर तुमच्यासारखा झालो असतो.”

तीस वर्षांनी भाऊजी तापानं गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात खुद्द कालिंदीकाकूंचं श्राद्ध होतं. एक ब्राह्मण आलाच नाही. त्यांचा मुलगा वेणीमाधव हात जोडून म्हणाला, “काका, तुम्हीच बसा. आता कोण बघतंय कान?”

भाऊजींनी कानाला हात लावला. “काकूंनी बघितलाय,” म्हणाले, आणि रिकाम्या घागरी उचलून घाटावर गेले.

मीही मागून निघाले होते, माफी मागायला. अर्ध्या पायऱ्यांवर दम लागला म्हणून बसले. तेवढ्यात ते भरल्या घागरी घेऊन वर आले.

“सरा वहिनी, वाट द्या. पाणी जायचंय.”

मी सरले.