जिवंत जंतूंचे मलम

रुग्णालयाच्या मलमपट्टीच्या खोलीत उभे आयुष्य घालवलेल्या या परिचारिकेला सारे 'फिनेलबाई' म्हणत. जंतू दिसला नाही तरी तो तिथे आहेच, असे धरूनच त्या वागत. अशा बाईंच्या घरात यजमानांच्या टाचेची जखम चिघळावी, याची त्यांना लाज वाटे आणि पाय कापावा लागेल या धास्तीने जीव टांगणीला लागे.

अखेर डॉक्टरीणबाईंनी चाचणीतले एक नवे मलम दिले. त्यातले जिवंत, उपकारक जिवाणू जखमेतल्या घातक जंतूंना हुसकावतील, अशी आशा होती. फिनेलबाईंनी ते नाक मुरडत, पण नेमाने लावले. जखम मात्र होती तशीच राहिली.

"रोज कसं लावता, दाखवा पाहू," घरी आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फिनेलबाईंनी मलम लावले आणि त्यावर जंतुनाशकात भिजवलेली पट्टी सफाईने ठेवली.

"अहो मावशी! औषधातले जंतू लावता आणि लगेच मारून टाकता?"

फिनेलबाईंच्या हातातला चिमटा गळून पडला. चेहरा पांढराफटक झाला. नवऱ्याचा पाय आपल्याच हातांनी पणाला लावला होता!

"हिच्या तावडीत मी अजून टिकलोय हेच खूप," पलंगावरून यजमान म्हणाले. "ते बिचारे कुठले टिकायला!"

"पाय वाचेल ना हो?" फिनेलबाईंनी कसेबसे विचारले.

"आधी जंतूंना वाचवा, मग बघू."

फिनेलबाईंनी जखम पुन्हा मिठाच्या पाण्याने धुतली, मलम लावले आणि कोरडी पट्टी बांधली. गाठ मारताना मात्र त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.