पाच डब्यांचं वाण

आखाडा बाळापूरच्या बाजारातून मी रिकाम्या डब्या मागून आणल्या. दोन तपकिरीच्या, तीन मलमाच्या. आईला त्यांत कुंकू भरून संक्रांतीचं वाण लुटायचं होतं. मी तेव्हा अकराची असेन.

माझा बाप दिवाळीपासून पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात होता. मोगलाईतले ते दिवस रझाकारांच्या धाकाचे. आमच्या गावातली बरीच माणसं तशीच नदी ओलांडून गेली होती. कागद नाही, निरोप नाही. पाच सवाष्णींना वाण दिलं की आपला धनी धडधाकट परत येतो, असं आईनं मनाशी धरलं होतं. तिला हे कुणी सांगितलं देव जाणे. दुसरं काही हातातच नव्हतं तिच्या.

चिंच अन् राखेनं घासघासून आम्ही आधी डब्यांवरची अक्षरं काढली. माझी बोटं सोलून निघाली, पण तपकिरीचा मेला वास काही जाईना. मग जवसाच्या तेलात शेंदूर घोटला, नीळ घोटली. शिंदीची काडी ठेचून तिचा कुंचला केला. आईनं कडेनं कोयऱ्या काढल्या, झाकणावर मी पोपट काढले. ते कोंबड्यांसारखे झाले, तेव्हा आई हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच हसली असेल. थंडीत तेल वाळेना, म्हणून ऊन सरकेल तशा मी डब्या सरकवत बसायची.

संक्रांतीला पाच जणी आल्या. एकीला डबी हुंगताच शिंक आली, तेवढं सोडलं तर सगळं नीट पार पडलं. शेजारची बाई आईची जिवाभावाची. असं देखणं वाण आजवर कुणी दिलं नाही, असं ती म्हणाली. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी वऱ्हाडातून गावचा एक माणूस परतला. माझा बाप तापानं गेला होता. आईनं ‘कधी?’ एवढंच विचारलं. तो म्हणाला, भोगीच्या दोन दिवस आधी. म्हणजे वाण दिलं तेव्हा आई सवाष्ण नव्हतीच. हे तिला कळलं तसं गावालाही कळलं.

मग डब्या परत यायला लागल्या. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. पहिली ओट्यावर सापडली. दुसरी कुंपणावरून टाकलेली, कुंकू मातीत सांडलेलं. चौथी आली तोवर माझ्या शिव्या संपल्या होत्या. शेजारची मात्र आणणार नाही, असं मी आईला छातीठोकपणे सांगितलं.

चार दिवसांनी तीही आली. डबी धुऊन, पदराखाली झाकून आणली होती. उंबऱ्याबाहेरच उभी राहून रडत होती.

“माझ्या घरी धनी हाय, बाई,” ती म्हणाली. “मला लई भेव वाटून राहिलं.”

आईनं हात पुढं करून डबी घेतली. बाई गेल्यावर मी भडकले. काय पाप केलं होतं तू, असं मी आईला विचारलं. तुला तरी कुठं ठाऊक होतं?

आई खालच्या आवाजात म्हणाली, “तिनं बराबर केलं. मी बी हेच केलं असतं.”

त्या पाच जणींवरचा माझा राग पुढं निवला. आईवरचा अजून गेलेला नाही.