सर, पंचांग आणि मळका निळा

आमच्या सरांइतका सभ्य माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि नुसत्या सभ्यपणाने इतक्या लोकांना घाम फोडणाराही दुसरा पाहिला नाही. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. एकदा पेटत नसलेल्या बर्नरला "आपण जरा सहकार्य करा" म्हणताना मी स्वतः ऐकलंय. खिशात लाल पेन्सिल. लिहिलेलं काहीही समोर आलं की ती आपोआप बाहेर यायची. एका विद्यार्थ्याने बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर सरांनी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून ती परत केली आणि खाली शेरा लिहिला, "प्रयत्न चांगला. नक्की येईन."

ऐंशीनंतरची गोष्ट. वाशीचा पूल ओलांडला की पलीकडे रसायनांचे कारखानेच कारखाने, आणि आमची मुलं मात्र वहीत यंत्रांच्या आकृत्या काढतायत, याचं सरांना फार वाईट वाटायचं. वर्षभर खेटे घालून त्यांनी तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्याचे मालक पटवले. ठरलं असं, की कॉलेजातून नुकतंच पदवीधर झालेलं एक माणूस दोन वर्षं कारखान्यात काम करणार, सर दर गुरुवारी येऊन मार्गदर्शन करणार. कारखान्याच्या अडचणी कॉलेजने सोडवायच्या आणि कॉलेजने कारखान्याकडून शिकायचं. मालकांनी तसं करारपत्र पाठवलं. ते लाल खुणांनी भरून परत आलं, वर 'पुन्हा लिहा'. मालकांनी निमूट पुन्हा लिहिलं. मला नंतर म्हणाले, "काय करणार? हात आपोआप पुढे झाला. वाटलं, आता छडी बसते."

ते पदवीधर माणूस म्हणजे मी. वाशीला आमच्या सोसायटीत तोवर कुणाचीही मुलगी कारखान्यात गेली नव्हती. बाबांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला होता. सर घरी आले, आईच्या पोह्यांना "पोत उत्तम" असा शेरा दिला आणि बाबांना दीड तास रंगांची रसायनं समजावली. बाबांना त्यातलं काडीमात्र कळलं नाही, पण इतक्या अदबीने बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं त्यांना जमेना. "सहा महिने बघू," म्हणाले. "नाही जमलं तर बँक."

सहा महिने संपत आले आणि आमचा निळा रंग बिघडला. रोज बिघडता तर बरं झालं असतं. दहा-बारा दिवस छान निळा यायचा आणि मग अचानक दोन-तीन दिवस मळका, जुन्या छत्रीसारखा. माल परत येऊ लागला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, सरांना सांगा, या महिन्यात निळा सुधरला तर ठीक. नाहीतर हे कॉलेजचं प्रकरण बंद. मला टेन्शन नको."

मी रडवेली झाले. सर मात्र खुशीत आले. "अडचण आली! उत्तम!" म्हणत रजा काढून तीन दिवस टाकीपाशी खुर्ची टाकून बसले. पावडरी तपासल्या, उष्णता मोजली, टाकीला 'आपण' म्हणून झालं. काही कळेना.

तिसऱ्या दिवशी मी बिघडलेल्या घाण्यांच्या तारखा मोठ्याने वाचत होते. टाकी चालवणारे धर्माकाका बाजूला पाइप धूत होते. जवळच्या बोनकोडे गावचे हे काका आधी मिठागरावर कामाला होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, हे तं उधानाचे दिस हायेत."

सर ताडकन उठले. "आपण काय म्हणालात?"

"आवस-पुनवेला खाडी चढते ना. तवा बोअरचं पानी खारं होतं. पायपाचं पानी कमी परलं का साहेब तेच पानी टाकीन सोरतान."

"आपण हे आधी का सांगितलं नाहीत?"

"मना कोनी इचारलाच नाय."

सर तसेच मालकांच्या केबिनमध्ये शिरले आणि पंचांग मागितलं. मालकांनी कपाळाला हात लावला. "सर, मी कॉलेजकडून शास्त्रज्ञ मागवला होता, भटजी नाही!" पण पंचांगाशी तारखा जुळवल्या आणि बोअरच्या पाण्यातलं मीठ मी मोजून दाखवलं, तेव्हा त्यांनीच पंचांगातल्या प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेवर फुली मारली. उधाणाचे दिवस निळ्याला वर्ज्य ठरले. निळा सुधारला, माझी नोकरी वाचली, बाबांनी तो फॉर्म रद्दीत घातला.

सरांचं एवढ्यावर भागणार होतं थोडंच! अहवालात मार्गदर्शक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव खोडून धर्माकाकांचं लिहिलं आणि काकांना कॉलेजात व्याख्यानाला नेलं. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा घालून काका फळ्यासमोर उभे राहिले. "पानी पैलं जिभेवं घ्या, मंग बाटलीन भरा," असं त्यांनी सुरू केलं आणि पाऊण तास पोरं हलली नाहीत. पहिल्या बाकावर सर मान खाली घालून भराभर टिपून घेत होते. त्या दिवशी काकांच्या एकाही शब्दावर लाल पेन्सिल चालली नाही.

दोन वर्षं संपली. मला बडोद्याला चांगली जागा मिळाली, आणि माझ्या शेवटच्या दिवशी सर पुढच्या मुलीला घेऊन आले. मी मनात निरोपाची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. पण कारखान्यात नुकताच पिवळा बिघडला होता आणि सर तिला टाकीत वाकून काही दाखवत होते. मी दारात थोडी थांबले. "सर, निघते."

"हो, हो," सर वर न बघता म्हणाले, "उद्या आल्या आल्या आपण हा पिवळा गाळून ठेवा."

"बरं सर," मी म्हटलं आणि फाटकाकडे चालू लागले.