कॅन बोलता कामा नये

पंक्चर काढून पोट भरणारा माणूस रोज पहाटे उठून वाटेवरचे काटे वेचतो, असं आज मी कुणाला सांगितलं तर तो माझ्याकडं संशयानं बघेल. पण आमच्या फाट्यावरचे मामू नेमकं हेच करायचे. खांद्यावर दाताळं, सायकलच्या नळीला बांधलेली कुऱ्हाड आणि गालात पानाचा तोबरा. घाटातली सगळी वाट खालून वरपर्यंत झाडून काढायची, आणि मग आठ वाजता दुकान उघडून पंक्चर कधी येतंय म्हणून बसून राहायचं. वेचलेल्या काट्यांचं त्यांनी दुकानामागं शेळ्यांना कुंपण घातलं होतं. "मामू, हे तुमच्या बुडालेल्या धंद्याचं कुंपण," असं आम्ही चिडवायचो. ते कुंपणाकडं एकवार बघायचे आणि म्हणायचे, "शेळी आत हाय ना? मग बास."

आमचं गाव नेकनूरच्या पुढं, बालाघाटाच्या माथ्यावर. दूध संघाचा टेम्पो वर चढायचा नाही. तो सकाळी सातला घाटाखालच्या फाट्यावर यायचा आणि कुणासाठी थांबायचा नाही. म्हणून गावचं दूध नऊ सायकलींवरून घाट उतरायचं, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना एकेक कॅन लटकावून. मी त्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. वय चोवीस, खिशाला दोन पेनं आणि डोक्यात हवा. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रानात ढेकळं सोडून काही नव्हतं. म्हशी लांबून आणलेल्या उसाच्या वाढ्यांवर जगत होत्या आणि माणसं म्हशींवर.

वाट तपासायची मामूंची एक रीत होती. आमच्या गावात जुनी बारव आहे, ती कधी आटली नाही. तिच्यातून ते एक जुना कॅन अर्धा भरून घ्यायचे, झाकण घट्ट लावायचे आणि तो सायकलला अडकवून घाट उतरायचे. अर्धाच का, असं मी एकदा विचारलं. "भरला कॅन गप बसतो बे. अर्धाच लई बोलतो," ते म्हणाले. पाणी आत डुचमळलं की त्याला ते कॅनचं बोलणं म्हणत. जिथं कॅन बोलला तिथं उतरून खुणेचा दगड ठेवायचा, दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून धुमुसानं ठोकायचं. खाली पोचल्यावर ते पाणी पंक्चर बघायच्या घमेल्यात ओतायचं. आठवड्यातून कधीतरी येणाऱ्या टँकरवर जगणाऱ्या फाट्याला तेवढंच पाणी जास्तीचं.

त्या दोन वर्षांत झाडंही फार पडली. मुळाला ओल नाही, माती भुसभुशीत. साधी वावटळ आली तरी बाभूळ वाटेवर आडवी. ती हलवायचं काम मामूंनी कुणी न सांगता अंगावर घेतलेलं. त्यांचं माप ठरलेलं होतं. वाटेच्या मधोमध उभं राहायचं, दोन्ही कोपरं बाहेर काढायची आणि तेवढ्याच रुंदीचं झाड तोडायचं. त्यापलीकडं एक फांदी नाही. तोडलेलं खोड लोटत नेऊन दरीच्या कडेला लावायचं. लोक सरपणासाठी कोयते घेऊन धावत यायचे, तेव्हा मामू खोडावर बसून घ्यायचे. "फांद्या तुमच्या चुलीला, खोड वाटंचं." आणि उभ्या झाडाला, मग ते वाळून कोळ झालेलं का असेना, त्यांची कुऱ्हाड कधी लागली नाही. "ते पडंल तवा बघू. त्याला घाई न्हाई, मला कावून?"

आता माझा पराक्रम सांगतो. रोजगार हमीची कामं निघाली होती. मला वाटलं, मामूंची वाट आठ ठिकाणी वळते, त्यात वेळ जातो. ती सरळ केली तर दूध लवकर पोचेल. मी संस्थेच्या बैठकीत ठराव मांडला, अर्ज लिहिला, अक्षर तर असं काढलं की लग्नपत्रिकेला शोभावं. बैठकीला मामू आले होते. ते मागून एवढंच म्हणाले, "शेक्रेटरीसाहेब, वळणं काय मी हौसंनं काढलीत का?" मी हसलो. मी हसलो म्हणून बाकीचेही हसले. मामूंनी चप्पल पायात घातली आणि ते निघून गेले. आठवड्याभरात मुकादमानं वरपासून खालपर्यंत फक्कीची पांढरी रेघ मारली, माणसं लागली, आणि वाट सरळ झाली. चेअरमननी नारळ फोडला. मला हार घातला. तो हार आठवला की अजून मान खाजते.

पहिल्याच दिवशी नऊपैकी सहा जणांचे ब्रेकचे रबर झिजून गेले. दोघं पडले. त्याचं काही नाही, पडलेला माणूस उठतो. पण दूध म्हशींनीच कमी दिलेलं, म्हणजे कॅन अर्धे. ते त्या सरळ उतारावरून असे घुसळत गेले की चौथ्या दिवशी फाट्यावर झाकण उघडल्यावर वर लोण्याच्या कण्या तरंगत होत्या. संघाच्या सुपरवायझरनं बोट बुडवून चाटून पाहिलं. खालच्या दुधाचं फॅट मोजलं तर ते भरेना. "लोणी काढून दूध पाठवता काय?" असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि आठ दिवसांत सुधारलं नाही तर तुमच्या गावचं दूध बंद, असंही सांगून गेला. ते दूध बंद होणं म्हणजे गावातल्या सगळ्या चुली बंद होणं. वर आता कोण आणि काय तोंडानं जाणार, असं मला झालं.

मी वर न जाता मामूंच्या दुकानात गेलो. ते चाकाची आऊट काढत होते, वाकडं चाक फिरवून फिरवून सरळ करत. मी उभा. ते चाक फिरवतायत. मी खाकरलो. ते चाक फिरवतायत. शेवटी मी म्हणालो, "मामू, चुकलं."

"कुणाचं? मुकादमाचं?"

"माझं."

मग त्यांनी वर बघितलं. "सरळ वाट माणसाला बरी दिसती. दुधाला वळण लागतं, मंग ते दमानं उतरतं. तुला पुसायला काय झालतं बे?" साहेब गेला आणि बे आला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्यांनी माफी वगैरे काही ऐकून घेतलं नाही. नऊ सायकलवाले, दाताळी आणि पाच सकाळी मागितल्या. पडलेली जेवढी खोडं होती तेवढी आम्ही ओढत आणली. जिथं जिथं जुनं वळण होतं तिथं बाहेरच्या कडेला एकेक खोड टेकवायचं, मागं दगड दाबायचे, आत मुरूम भरायचा. मामू मधे उभे, कोपरं बाहेर काढून. हमीचं सरकारी काम मोडतोय म्हणून मला घाम फुटला होता. "आपण मोडत न्हाई, वाकवतो," मामू म्हणाले, आणि सहाव्या दिवशी अर्धा कॅन घेऊन उतरले. आम्ही मागं, श्वास धरून. कॅन एकाच ठिकाणी बोलला, खालून तिसऱ्या वळणावर.

आठव्या दिवशी सुपरवायझरनं झाकण उघडलं. लोणी नाही, फॅट बरोबर. तो कॅन टेम्पोत चढवायला लागला. चेअरमन मामूंच्या गळ्यात हार घालायला गेले, तर मामूंनी तो शेळीला खाऊ घातला. "तिसरं वळण अजून बोलतंय," एवढंच म्हणत राहिले.

ते वळण पुढं दोन वर्षं बोलतच राहिलं. मधे एक साल बरं गेलं, मग परत पाऊस दडी मारून बसला, आणि त्यातच एका सकाळी मामूंचं उजवं अंग लुळं पडलं. बाज दुकानासमोर टाकली होती. तिथून ते येणारी-जाणारी चाकं बघायचे. वाट आता आमच्याकडं. आम्ही राखायचो, पण जमेल तशी. रोज सकाळी मी त्यांचा कॅन अर्धा भरून उतरायचो आणि बाजेजवळ थांबायचो. एका बाजूनंच हलणाऱ्या तोंडानं ते विचारायचे, "बोलला?"

"नाही मामू."

एकदा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग तुझं धोतर कशानं भिजलं बे?"

झाकणाचं रबर गेलं होतं, आणि तिसऱ्या वळणावर पाणी उसळून माझ्या अर्ध्या धोतरावर आलं होतं. ते हसले, निम्म्या तोंडानं. म्हणाले, "उद्या परत."

त्याच दिवशी दुपारी आम्ही नऊ जण त्या वळणावर गेलो. मामूंना तोंडावर खोटं सांगितलं याची लाज वाटत होती. कडेचं जुनं खोड खालून कुजलं होतं. ते काढून दुसरं बसवलं, मुरूम भरला, दिवस मावळेपर्यंत ठोकला. सकाळी झाकणाला नवं रबर लावून मी अर्धा कॅन घेऊन निघालो. पहिलं वळण, दुसरं, वरची सगळी गेली. खालून तिसऱ्याला मी ब्रेकला हातसुद्धा लावला नाही. कॅन गप. इतका गप की मला माझ्या साखळीचा आवाज ऐकू येत होता. कधी एकदा बाजेपाशी पोचतो असं झालं होतं.

दुकानासमोर माणसं उभी होती. बाज रिकामी होती. फाट्यावर तीन दिवस टँकर आला नव्हता, आणि मामी दारात येऊन कुणाला तरी विचारत होत्या की शेवटच्या अंघोळीपुरतं पाणी कुठं मिळेल.

मी कॅन खाली उतरवला. मामींनी झाकण उघडलं. बारवेतून जेवढं भरून निघालो होतो तेवढंच पाणी होतं, एक थेंब कमी नव्हता.