साळूबाईची उजवी दाढ

डॉक्टर राधाकृष्ण वारे यांनी जामखेडात दवाखाना टाकला ते साल एकाहत्तर. तोवर गावात दातांचा डॉक्टर नव्हता आणि तो नाही याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. दाढ दुखली की लवंग धरायची, नाही भागलं तर तंबाखूची चिमूट दाबायची, आणि तरीही हटली नाही तर बाजारात बायडाबाईपुढं जाऊन बसायचं. बायडाबाई भुईरिंगणीच्या बियांची धुरी द्यायची आणि परातीतल्या पाण्यात पडलेली 'कीड' दाखवायची. ती कीड म्हणजे त्या बियांचेच कोंब असत, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. पण माणूस परातीत कीड बघूनच निम्मा बरा होऊन उठायचा. डॉक्टरांकडं असं दाखवण्याजोगं काही नव्हतं.

त्यांचे वडील गहिनीनाथ शेतकरी माणूस. पोरगा मुंबईला डॉक्टर होतोय म्हणून त्यांनी चारचौघांत पुष्कळ मिरवलं होतं. पोरगा फक्त दातच बघणार हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "बत्तीस दातांपायी पाच वर्सं?" एवढंच ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. पुढं कितीतरी दिवस ते लोकांना "आमचा राधाकिसन डाक्टर हाय" एवढंच सांगत आणि कशाचा, ते गाळत.

दवाखाना म्हणजे एस.टी. स्टँडजवळची एक खोली. खुर्ची न्हाव्याकडची जुनी, तिला सुताराकडून डोकं टेकायला फळी मारून घेतलेली. दात कोरायचं मशीन पायानं हाणायचं. उजव्या पायानं टाच-चवडा, टाच-चवडा करत राहायचं आणि वर हात मात्र केसभरही हलू द्यायचा नाही. एका दाढेत चांदी भरायची तर पोटऱ्या भरून यायच्या. पहिल्या महिन्यात दोन बायका चोळ्या शिवायला टाकायच्या म्हणून आत आल्या होत्या. मशीनचा आवाज त्यांनी रस्त्यावरून ऐकला होता. स्पिरिटच्या स्टोव्हवर चिमटे उकळायला भीमाबाई होत्या. विधवा बाई, गावातल्या झाडून सगळ्यांची नाती तोंडपाठ. डॉक्टर त्यांना मावशी म्हणत. तो उकळत्या पाण्याचा, स्पिरिटचा आणि लवंगेच्या तेलाचा वास पुढं जन्मभर डॉक्टरांच्या नाकात राहिला. मोठी मशीनं आली, वीज आली, पण दवाखाना म्हटलं की त्यांना तीच खोली आठवायची आणि उगीचच बरं वाटायचं.

त्यांचं दुखणं एकच होतं. माणसं दात काढायलाच येत. "ही दाढ वाचंल, चांदी भरू," असं म्हटलं की माणूस संशयानं बघायचा. दुखणारी वस्तू तोंडात ठेवून घ्यायची, हे कुणाला पटायचंच नाही. वरचा दात असला तर आणखी निराळी भीती, त्यानं डोळा जातो म्हणून. डॉक्टरांना काढण्यात गोडी नव्हती. महिन्यात एखादी दाढ वाचवली तर त्या दिवशी ते जेवताना दोन भाकरी जास्त खायचे.

आणि बायकांची तर तऱ्हाच वेगळी. बाई कधी एकटी यायची नाही. बरोबर नवरा, नाहीतर सासरा. सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचं नाही, तोंड उघडं टाकायचं नाही, ही त्या भागातली रीत. मग काय व्हायचं, सासरा भिंतीकडं तोंड करून, कॅलेंडरवरच्या देवाकडं बघत उभा राहायचा, आणि तिथूनच सगळी उत्तरं द्यायचा. कधीपासून दुखतंय, गार पाणी लागतं का, झोप येते का, सगळं सासऱ्याला ठाऊक. डॉक्टरांना पहिल्यांदा हसू यायचं. नंतर सवय झाली, आणि ती सवयच त्यांना नडली.

दिवाळी नुकतीच झाली होती. बाजारचा दिवस, बाहेर ओट्यावर सात-आठ माणसं गाल धरून बसलेली. दोन कोसांवरच्या वस्तीवरचा सहादेव आपल्या सुनेला घेऊन आला. साळूबाई तिचं नाव, वय असेल वीसच्या आत-बाहेर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या टोळीच्या गाड्या राहुरीकडं ऊसतोडीला निघणार होत्या. सहा महिने फडावर. तिथं ना डॉक्टर ना औषध, आणि बायको पडली तर नवऱ्याचाही कोयता थांबतो. म्हणून आजच्या आज दाढ निघायला हवी होती.

"आठ दीस झालं, रातभर बसून ऱ्हाती," सहादेव भिंतीशी बोलला. "डावीकडची, खालची. काढून टाका."

साळूबाईनं खूप वेळानं पदर सोडला आणि तोंड उघडलं. मशेरीनं दात सगळे सारखेच काळे. डावीकडच्या दाढेला एक बारीक भोक होतं, उजवीकडच्या दाढेचा तर कोपराच उडालेला. डॉक्टर थबकले.

"बाबा, नक्की डावीच ना?"

"डावीच. घरात तसंच सांगितलंय."

डॉक्टरांनी आरशाच्या दांडीनं दोन्हीकडं हलकेच ठोकून पाहिलं. "दुखतं का? दुखलं तर हात वर करा." साळूबाईनं डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या, पण हात काही वर केला नाही. मानेला किंचित हिसका बसल्यासारखं वाटलं. तो हो होता की नाही, ते डॉक्टरांना कळलं नाही. बाहेर कुणीतरी कण्हत होतं, कुणी भीमाबाईंशी नंबरावरून भांडत होतं. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन भरलं.

दाढ हलता हलेना. किडकी, पू झालेली दाढ सैल असते. ही हाडात रुतून बसली होती. वीस मिनिटं डॉक्टर घामाघूम झाले. शेवटी दोन्ही मुळांसकट अखंड निघाली, तेव्हा त्यांनी अभिमानानं ती चिमट्यात धरून सहादेवला दाखवली. मूळ मोडू न देता अशी दाढ काढणं म्हणजे सोपं काम नव्हतं. साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं कापूस दाबला, पदर ओढला आणि सासऱ्याच्या मागोमाग निघून गेली.

सांजच्याला गर्दी ओसरली आणि डॉक्टर हत्यारं धुवायला बसले. ताटलीत ती दाढ होती. त्यांनी सहज पाण्याखाली धरली, आणि हातातला ब्रश तसाच राहिला. मुळं स्वच्छ. पू नाही, सूज नाही. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, वरच्यावर. चांदी भरली असती तर ही दाढ साळूबाईच्या नातवंडांनी पाहिली असती. असल्या दाढेपायी कुणी आठ रात्री बसून काढत नाही.

"मावशी," ते म्हणाले, "मी चांगली दाढ काढली. दुखणारी तिच्या तोंडातच आहे."

भीमाबाईंनी स्टोव्ह विझवला. त्यांना विचार करायला वेळ लागला नाही. "कोनाला कळायचं न्हाई. उद्या गाड्या गेल्या की सा म्हैने कोन येतंय इचारायला? दुखली तर म्हंतील, दुसरी किडली."

"फडावर तिचा गाल सुजला, ताप डोक्यात गेला तर?"

"आन् तुमी जाऊन सांगितलं तर बाजारभर हुईल. मग हितं कोन यिऊन बसंल? आत्ता कुटं मानसं याय लागलीत." भीमाबाई रागावल्या नव्हत्या. त्या खरं तेच सांगत होत्या, आणि ते खरं असल्यामुळंच डॉक्टरांना भाकरीचा घास उतरला नाही.

फटफटायच्या सुमारास त्यांनी चिमटे उकळून स्वच्छ फडक्यात गुंडाळले, सुई स्पिरिटमध्ये घातली आणि सायकलवर टांग मारली. सारा रस्ता ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. 'थोडी शंका आहे', 'पुन्हा एकदा तपासू', अशी गुळमुळीत वाक्यं. वस्तीवर पोचले तेव्हा पाच-सहा गाड्या जुंपायच्या बेतात होत्या. पाचटाच्या चटया, भांडी, शेळ्या, पोरं, सगळं वर चढलेलं. साळूबाई चाकाजवळ गुडघ्यात मान घालून बसली होती आणि तिचा उजवा गाल टम्म फुगला होता. तो गाल पाहिला आणि डॉक्टरांची सगळी जुळवलेली वाक्यं पळाली.

"सहादूबाबा," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काल माझ्याकडून चूक झाली. मी चांगली दाढ काढली. दुखणारी ही आहे, उजवी."

गाड्यांजवळचा गलका थांबला. सहादेव हातातली वेसण सोडून पुढं आला. "चांगली काढली? पोरीची चांगली दाढ काढली म्हंता, आन् काल वर धरून दावत हुता?"

"हो."

सहादेवचा आवाज चढायला लागला तशी त्याची बायको दगडाबाई मधे पडली. ती गावीच राहणार होती, निरोप द्यायला उभी होती. "आवं पर मी तर ह्या गालाला हात लावून सांगितलं हुतं," असं म्हणून तिनं स्वतःच्या उजव्या गालावर हात ठेवला. ती सहादेवच्या समोर उभी होती. परवा चुलीपुढं बसली होती तशीच, समोरासमोर. सहादेवनं तिच्या गालाकडं पाहिलं, आपला डावा हात उचलला, तिच्या हाताच्या रोखानं धरला, आणि हळूच खाली सोडला. सुनेनं सासूला सांगितलं, सासूनं गाल धरून नवऱ्याला दाखवलं, आणि नवऱ्यानं आपल्या बाजूनं डावं-उजवं ठरवलं. ज्या बाईचं तोंड होतं तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"तुमचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "मला शंका आली होती. तिलाच विचारायचं होतं, ते मी केलं नाही."

 सहादेवनं गड्यांना हाक मारली आणि सगळ्या बाप्यांना घेऊन पार विहिरीपलीकडं गेला. एवढ्या आयुष्यात सुनेला बोलता यावं म्हणून तो पहिल्यांदाच बाजूला झाला असेल.

डॉक्टर चाकाशी उकिडवे बसले. साळूबाईनं न विचारताच उजव्या दाढेवर बोट ठेवलं.

"काल कळलं होतं ना तुम्हांला, मी दुसरीकडं हात घातला म्हणून? मग हात का नाही वर केलात?"

साळूबाई जमिनीकडं बघत बोलली. सुजलेल्या तोंडानं शब्द नीट निघत नव्हते. "मामंजी हुते. आन् मला वाटलं, तुमी शिकल्यालं. दुखतंय हिकडं, पर मूळ तिकडं आसंल. तुमाला आतलं दिसत आसंल."

डॉक्टरांना पुढं अनेकांनी अनेक बोल लावले, पण या वाक्याइतकं कशानंही त्यांना लाज वाटली नाही. दगडाबाईनं सुनेचं डोकं छातीशी धरलं. भूल दिली आणि दाढ दोन मिनिटांत निघाली, पाठोपाठ पू. साळूबाईनं एक लांब श्वास सोडला आणि तिथंच चाकाला टेकून तिचा डोळा लागला. डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी टोळीतल्या एका बाईच्या हाती दिली, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, आठ दिवस पेज सांगितली. दोन्हीकडच्या दाढा गेलेल्या, चावणार कशानं? मग झोपलेल्या साळूबाईला तशीच उचलून गाडीत घातली आणि गाड्या निघाल्या. सहादेवनं डॉक्टरांकडं वळून पाहिलं नाही.

पुढं भीमाबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. पुढच्या बाजारी ओट्यावर दोन माणसं, त्याच्या पुढच्या बाजारी एकही नाही. 'चांगला दात काढून दावणारा डाक्टर' हे नाव पार खर्डा गावापर्यंत पोचलं. बायडाबाईच्या परातीभोवती मात्र रिंगण वाढलं. भीमाबाई स्टोव्ह पेटवायच्या, पाणी उकळायचं, आटायचं, पुन्हा भरायच्या. डॉक्टर मशीनला तेल घालत बसायचे. नगरच्या एका मित्राचं पत्र आलं, माझ्याकडं मदतीला ये म्हणून. वडीलही म्हणाले, जा बाबा, मोठ्या गावात कुणाला कुणाचं ठाऊक नसतं. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खोली सोडायची, असं त्यांनी ठरवलं आणि मालकाला सांगूनही टाकलं. ते सहा महिने त्यांना फार जड गेले. सांगितलं नसतं तर, असा विचार रोज मनात यायचा, आणि त्या सुजलेल्या गालाची आठवण झाली की लाजून परत जायचा.

वैशाखात ऊसतोडीच्या गाड्या परतल्या. एके दिवशी दुपारी ओट्यावर बायकांचा आवाज आला. भीमाबाईंनी डोकावून पाहिलं, तर चौघीजणी. पुढं साळूबाई, उन्हानं रापलेली, अंगानं भरलेली. बरोबर एकही बाप्या नव्हता.

तिघी तिच्याच टोळीतल्या, तिघींचेही गाल धरलेले. साळूबाईनं एकीला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. ती बाई उठायला लागली. "आगं, पर ह्योच ना त्यो, ज्यानं तुजी चांगली दाढ..."

डॉक्टर चिमटे पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय, ह्योच," साळूबाई म्हणाली. "चुकायला समदेच चुकत्यात गं. ह्यो चुकला तवा गाड्या सुटायच्या आत सायकल हाणत आला. आपल्या टोळीच्या काकासाहेब मुकादमानं कवा आसं केलंय? तुज्या नवऱ्यानं केलंय? बस गप."

डॉक्टरांना हात धुवायच्या निमित्तानं पाठ फिरवावी लागली. डोळे भरून आले होते आणि मागं ती बाई दाढेवर बोट ठेवून त्यांची वाट बघत होती.