मामांचे पोटभाडेकरू

समोरच्याच्या डोळ्यांत न बघता पापण्यांच्या केसांकडे बघत बोलणारा माणूस मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. लोक खिशाला पेन लावतात, मामा बारीक चिमटा लावत. निवृत्तीच्या वेळी कॉलेजने शाल आणि नारळ द्यायचं ठरवलं होतं. मामांनी दोन्ही नाकारून भंगारात निघालेला एक पितळी सूक्ष्मदर्शक मागून घेतला आणि नाहूरच्या दीड खोलीत, जिथे देव्हारा ठेवायचा, तिथे तो ठेवला. देव खाली ट्रंकेवर बसले. कुणी पाहुणा आला की पाणी देण्याआधी मामा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेत आणि म्हणत, "एक केस देता का? दुखत नाही." दुखत असे. माणसाच्या पापणीच्या केसाच्या मुळाशी कोळ्याच्या जातीचा, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा एक जीव डोकं खाली करून राहतो, हे जगाला पटवायचं व्रत त्यांनी घेतलं होतं. त्याला ते किडा म्हणू देत नसत. "पोटभाडेकरू म्हणा," ते सांगत. "एका खोलीत तिघं-चौघं राहतात, पण एकमेकांना त्रास नाही. तुमच्या सोसायटीला जमतं का?"

माझ्या धाकट्या मेव्हणीला बघायला घाटकोपरची मंडळी आली तेव्हा वडीलधारे म्हणून मामांना बसवलं होतं. पोहे झाले, मुलीने शिक्षण सांगितलं, मुलाने पगार सांगितला. मग मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या काही अपेक्षा?" सासरे "छे छे" म्हणेपर्यंत मामा खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "विशेष काही नाही. मुलाच्या डाव्या पापणीतला एक केस मिळाला असता तर." चौथ्या दिवशी नकार आला. सासूबाई दोन महिने भावाशी बोलल्या नाहीत. मामांना त्याचं काहीच नव्हतं. "अगो, त्याच्या केसांच्या मुळाशी कोंड्याची नळकांडी होती, म्हणजे पोटभाडेकरूंची गर्दी," ते सांगत. "पोरगी वाचली म्हण." पुढे त्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं आणि त्याचं उत्तम चाललं आहे, हे मी चौकशी करून मामांना कळवलं. त्यांनी विचारलं, "आणि पापण्या?"

यातली खरी गंमत अशी की मामांचे स्वतःचे डोळे बारा महिने लाल असत. कडा सुजलेल्या, सकाळी चिकटलेल्या. कोमट पाण्याने पापण्या धुवा, असं ते साऱ्या जगाला सांगत, पण स्वतः कधी धुवत नसत. मी एकदा कारण विचारलं तर माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "जावईबापू, बावीस वर्षं बीएस्सीच्या पोरांना मी माझ्याच पापणीतला केस काढून दाखवलाय. एकही तुकडी रिकाम्या हाताने गेली नाही. अजून जुनी पोरं आपल्या पोरांना घेऊन येतात. धुऊन टाकलं तर दाखवू काय? तुम्ही देणार का एक केस?" मी दिला नाही. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे किती वेळा मागितला हे मी मोजलं नाही, पण दर भेटीला एकदा धरलं तर शंभराच्या वर जाईल.

आणि मग माझ्या बायकोचा, सुमनचा, डोळा बिघडला. दोन्ही लाल होत, पण उजवा जास्त. ती कांजूरमार्गच्या एका कारखान्यात ट्रेसर होती. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईने रेघा गिरवायच्या, केसाएवढ्या रेघा, दिवसाचे सात तास. मुलुंडचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जी काचेसारखी कातडी असते तिला सूज आहे. त्यांनी थेंब दिले. थेंब चालू असेपर्यंत डोळा स्वच्छ, कमी करत आणले की आठ-नऊ दिवसांत पुन्हा लाल. घरी गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला हे लिहायची माझी एक वही आहे. तिच्याच मागच्या पानांवर मी हे लिहीत गेलो. अकरा महिन्यांत चार फेरे झाले. चौथ्या फेऱ्याला डॉक्टरांनी हनुवटी टेकवायच्या यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "खालच्या बाजूला पांढरा डाग धरतोय. मध्यावर सरकला तर नजरेवर येईल." त्या आठवड्यात सुमनच्या दोन शीट परत आल्या. समांतर रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. साहेब काही बोलला नाही, हे तिला जास्त लागलं.

मामा हे ऐकून चिमटा आणि सूक्ष्मदर्शक घेऊन आमच्याकडे आले. इतकी वर्षं हसल्यावर त्यांच्यापुढे डोळा धरायचा म्हणजे अवघडच. सुमन म्हणाली, "मामा, आज नको रे मस्करी."

"मस्करी तुम्ही करता. मी केस मागतो," मामा म्हणाले. "बस गो इथे. दिव्याकडे बघ."

त्यांनी चार केस काढले, तेलाच्या थेंबात ठेवले आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. मी पहिल्यांदाच त्यात बघत होतो. आधी ताडाच्या खोडाएवढा केस दिसला. मग त्याच्या बुडाशी लांबट बोंडांसारखे काही जीव, आणि त्यांचे आखूड पाय हलत होते. मी मोजले. चार केसांत चौदा.

मी हा आकडा सांगितला तेव्हा डॉक्टर हसले. "अहो, हे सगळ्यांनाच असतात. वयाबरोबर वाढतात. त्यांनी काही होत नाही." "सगळ्यांना" हा शब्द मला आकडा म्हणून चालत नाही. मी आमच्या इमारतीतली सुमनच्या वयाची दहा माणसं निवडली आणि प्रत्येकाचे चार केस मागत दारोदार फिरलो. तळमजल्यावरच्या वहिनी दार लोटत म्हणाल्या, "बघा, मामांचं यांनाही लागलं!" मी त्यांचेही चार मिळवले. दहा जणांत मिळून नऊ निघाले. सहा जणांकडे एकही नव्हता. अकरावा म्हणून माझा केस घ्यावा, असं मामांनी सुचवलं. मोजणाऱ्याने स्वतःला मोजू नये, असं मी सांगितलं.

तो कागद बघून डॉक्टर हसले नाहीत. पटल्याचंही म्हणाले नाहीत. सुमनच्या पापण्या पुन्हा यंत्राखाली पाहून म्हणाले, "मुळाशी नळकांडी आहेत खरी. थेंब चालू ठेवू, आणि रोज दोनदा शेक, मग लहान मुलांचा शाम्पू पाण्यात मिसळून कापसाने कडा साफ. रात्री पिवळं मलम. तीन महिने खंड नको. काजळ घालता?"

"हो. मामाच्या हातचं."

"बंद करा. तुमच्याआधी त्यात दुसऱ्या कुणाचं बोट जातं का?"

जात होतं. मामांचंच. दर दिवाळीला मामा तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन धरून काजळी पाडत, तूप आणि चिमूटभर कापूर घालून काजळ करत, आणि पाचही भाच्यांना एकेक डबी देत. कापूर जास्त झाला तर पोरींच्या डोळ्यांना झोंबेल, म्हणून प्रत्येक डबीत बोट बुडवून आधी स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत घालून बघत. झोंबलं नाही की तेच बोट पुन्हा डबीत फिरवून वर नीट गुळगुळीत करत. दिवाळीत काजळ घातलेला, लाल डोळ्यांचा तो म्हातारा बघून आम्ही पोट धरून हसलो होतो. भाडेकरू तिथूनच आले, हे सिद्ध करता येणार नाही. पण शक्यता मांडली तर टळतही नाही. बाहेर पडल्यावर सुमन एवढंच म्हणाली, "मामाला सांगायचं नाही."

नवरात्रापर्यंत थेंब सुटले तरी डोळा पांढरा राहिला. डाग तिथेच थांबला. शीट परत यायच्या थांबल्या. दिवाळीला मामा डबी घेऊन आले, चकल्या झाल्या, पण त्यांचं लक्ष सुमनच्या डोळ्यांकडे.

"काय गो, घातलं नाहीस?"

"ऑफिसात चालत नाही आता."

"आज सुट्टी आहे." मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुम्हाला खोटं जमत नाही. तुम्ही सांगा."

सुमनने डोळे मोठे केले. मी सांगितलं, ते सिद्ध होत नाही हेही सांगितलं. मामांनी डबी उचलली, झाकण घट्ट लावलं आणि चिमट्याच्या खिशात टाकली. "बाकीच्या चौघींकडे जाऊन येतो," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून गेले. पाचही डब्या त्यांनी परत गोळा केल्या.

दोन महिन्यांनी मी नाहूरला गेलो. मामांच्या डोळ्यांच्या कडा पहिल्यांदाच माणसासारख्या दिसत होत्या. खिडकीत कापूस आणि लहान मुलांच्या शाम्पूची बाटली. सूक्ष्मदर्शकावर फडकं होतं.

"माझे आठ केस बघितले," मामा म्हणाले. "एकही नाही. सोमवारी एक जुना विद्यार्थी आला होता मुलीला घेऊन. तिला कांद्याची साल दाखवली." फडकं सारखं करत म्हणाले, "ती तर शाळेतही दाखवतात."

मी फडकं काढलं, चष्मा काढून ट्रंकेवर देवांशेजारी ठेवला आणि खुर्ची दिव्याकडे वळवून बसलो. मामा माझ्या पापण्यांकडे बघत राहिले. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. दुखलं. बराच वेळ ते नळीवर वाकून होते.

"किती?" मी विचारलं.

"तीन," मामा म्हणाले. मग मान वर न करताच, "जावईबापू, तुम्ही इतक्यात धुवू नका हं."